दोनशे बारा अंगठे

काडेपेट्यांवरची दोनशे बारा चित्रं बिस्किटांच्या डब्यात भरून मी ताईला रजिस्टर पोस्टाने पाठवली. लहानपणी ती आम्ही दोघांनी रस्त्यावरून वेचली होती. मालकी हक्काचा पुरावा म्हणून ताईने प्रत्येकाच्या मागे निळ्या शाईत आपला अंगठा उमटवला होता. सध्या तिचा पाय प्लास्टरमध्ये आहे. पडल्या पडल्या तिचं मन रमावं, एवढाच माझा हेतू होता.

पार्सलच्या फॉर्मवर ‘आतील वस्तू’ या रकान्यात मी ‘जुने कागद’ असं लिहिलं. उगाच कुणाला मोह नको! जन्मभर चष्मे विकले, पण पुढचं काही दिसलं नाही.

डबा पोहोचलाच नाही. तीन आठवड्यांनी बायकोने मोबाइल माझ्यापुढे धरला.

“हे बघा, तुमचा डबा विकायला निघालाय.”

डबा तोच, कोपऱ्यातला पोचाही तोच. खाली मजकूर होता: ‘अतिदुर्मीळ संग्रह. मागे अज्ञात बालिकेचे ठसे.’

मी तडक पोलिसांकडे गेलो. ते म्हणाले, आधी हरवल्याचा पोस्टाचा दाखला आणा. पोस्टात तक्रारींच्या खिडकीवरच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, “काय हरवलंय?”

“डबा. पण तो सापडलाय.”

“सापडलाय ना? मग तक्रार कसली?”

“अहो, विकायला ठेवलाय तो!”

साहेबांनी माझा फॉर्म आणि जाहिरात शेजारी शेजारी ठेवून बारकाईने वाचली. “तुमचे हरवले जुने कागद. हा आहे अतिदुर्मीळ संग्रह. दोन्हींचा काही संबंध दिसत नाही.”

“मागे माझ्या ताईचा अंगठा आहे!”

“ताईंना सही येत नाही?”

“मुख्याध्यापिका होती ती!”

“मग अंगठा त्यांचा कसा?”

मी हात टेकले. साहेब मात्र मनाने चांगले. त्यांनी तक्रार नोंदवून घेतली आणि फॉर्ममध्ये दुरुस्ती करता येईल असंही सांगितलं. फक्त त्यासाठी मूळ वस्तू खिडकीवर हजर करायला हवी होती. म्हणजे आपलाच डबा आपणच विकत घ्यायचा! घरी हे ऐकून बायकोने कपाळावर हात मारला. पण मोबाइल उघडून पाहतो तर जाहिरातीवर ‘विकले गेले’ अशी पट्टी. आता ताईला काय तोंड दाखवायचं, या विचाराने मला जेवण जाईना.

चौथ्या दिवशी तिचाच फोन आला. “बाळ्या, डबा मिळाला रे!”

“पोस्टाने?”

“पोस्टानेच, तीन दिवसांत! मीच विकत घेतला. मोबाइलवर माझा अंगठा दिसला, मग सोडते की काय!”

मी प्रामाणिकपणे पोस्टाला कळवलं. उलट टपाली उत्तर आलं: ‘पार्सल योग्य व्यक्तीस पोहोचले. ग्राहक समाधानी. तक्रार बंद.’

रविवारी ताईकडे जाऊन आम्ही चित्रं मोजली. दोनशे एकतीस भरली. जास्तीच्या एकोणीस चित्रांमागे अंगठा नव्हता, हिरव्या खडूने काढलेला छोटासा मासा होता.

“कुणाचा तरी जीव अडकला असेल रे यात,” ताई हळहळली. “परत करायला हवीत.”

“हवीतच,” मी म्हणालो, आणि ती आमच्या चित्रांमध्ये नीट लावून टाकली. त्यातला वाघ आमच्याकडे नव्हताच.

ती तुमची असतील तर निःसंकोच या. आमची काहीही हरकत नाही. फक्त ओळख पटवण्यासाठी येताना मूळ चित्रं सोबत आणा.