लाखोळीच्या रीतीने कॉफी

“या घरात आजकाल कॉफी काऊन एवढी पानचट येते?” पडद्यापलीकडे मामाजी पुटपुटले.

पडद्याअलीकडे मी होते आणि कॉफीत पाणी मीच ओतत होते. मामाजी म्हणजे माझे सासरे गुणवंतराव. ते घुग्घुसच्या कोळसाखाणीतून निवृत्त झाले, पण तिथल्या तेलुगू मित्राने लावलेली कॉफी काही निवृत्त झाली नाही. गेल्या महिन्यात त्यांची छाती धडधडली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला, दिनेशला, बाजूला घेऊन सांगितलं, कॉफी बंद. दिनेशने मला सांगितलं, मी सासूबाईंना आणि सासूबाईंनी देवाला. मामाजींना कोणीच नाही. जन्मभर जमिनीच्या पोटात उतरलेल्या माणसाला ‘तुमचं काळीज थकलंय’ कोण सांगणार?

“त्याईले समजनारबी नाई अशी कॉफी करून दाखवते मी,” मी दिनेशला आणि सासूबाईंना ठणकावलं.

मोबाइलवर वाचून वाचून मी डिकॅफची पंडित झाले होते. कच्च्या बिया गरम पाण्यात भिजवतात. कॅफीन उतरतं, चवही उतरते. मग ते पाणी कोळशातून गाळतात. कोळसा कॅफीन अडवतो आणि चव जाऊ देतो. त्या पाण्यात पुढच्या बिया भिजवल्या की त्यांतून फक्त कॅफीन बाहेर पडतं, कारण पाण्यात चवीला जागाच नसते. काय डोकं चालवलंय! मी मनोमन हात जोडले. घुग्घुसच्या खिडक्यांवरची कोळशाची धूळ पुसण्यात माझा जन्म गेला, पण त्या घराण्यात इतका सभ्य कोळसाही असतो हे ठाऊक नव्हतं.

चंद्रपूरला दुकानात विचारलं, तर दुकानदार प्रफुलभाऊ म्हणाले, “कॅफीन नसलेली कॉफी? बाई, उद्या खारट नसलेलं मीठ मांगसान.”

शेवटी ऑनलाइन मागवली. पाण्याने कॅफीन काढलेली, मध्यम भाजलेली. या बिया मुळातच सावळ्या, फार भाजलेल्या घेतल्या तर नुसता कडूपणा. पार्सल यायला आठवडा होता.

आता आठवडाभर कोण थांबतो? आपण लाखोळीच्या डाळीचं काय करतो? गरम पाण्यात भिजवतो, पाय लुळे करणारा तिचा दोष उतरला की पाणी फेकतो आणि मजेत वरण खातो. मग कॉफी कोण मोठी लागून गेली? डब्यातल्या भाजलेल्या बिया सगळ्याच्या सगळ्या गरम पाण्यात टाकल्या. पाणी काळंभोर झालं.

“पाय, कसं उतरून राह्यलं,” मी दिनेशला दाखवलं. पाणी फेकायचं म्हणून पातेल्यात काढून मोरीपाशी ठेवलं आणि बिया सुपात घालून गच्चीवर वाळवल्या.

दुपारी त्या दळून कॉफी केली. रंग असा, की कॉफी शेजारी झाली असावी आणि आमच्याकडे नुसती बातमी आली असावी. कप घेऊन बाहेर गेले, तर मामाजींच्या हातात स्टीलचा गिलास!

“राहू दे पुनम. आज तुह्या सासूनं केली. खाण सुटल्यापासून अशी कॉफी नाई पेलो. हा दुसरा गिलास.”

“मी कुठी केली?” सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. माझी बिनकॅफीनची कॉफी ती हीच, असा त्यांचा समज. “पुनमनंच पातेलंभर करून ठेवली होती मोरीपाशी. मी दूध-साखर घालून तापोली फक्त.”

डबाभर बियांचं कॅफीन त्या पातेल्यात होतं. दिनेशला कळलं आणि तो पुढे सरसावला.

“बाबा, त्यात माशी पडली होती.”

“काढली असंल तुह्या मायनं.”

“दूध नासलं होतं.”

“म्हणूनच चव आली.”

“मामाजी,” मी म्हटलं, “ते भांडे धुतलेलं पानी आहे.”

“मंग रोज भांडे धूत जा.”

त्यांनी गिलास उचलला. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पातेल्यात काय होतं ते तिथेच वाचलं असावं त्यांनी. उठल्या आणि गिलासावर आपला पंजा ठेवला.

“अवो, नका पेऊ. डॉक्टरनं तुमची कॉफी बंद केली. तुमचं काळीज थकलं आहे. अन् मले भेव लागते.”

दिनेशने डॉक्टरांना फोन लावला. बसवून ठेवा, धडधडलं तर आणा, असं ते म्हणाले. मामाजी बसले. धडधडत होतं ते आमचंच. मग त्यांनी गिलास सरकवला, माझा कप ओढला आणि एक घोट घेतला.

“अन् हे पेयाचं,” ते म्हणाले, “हेबी डॉक्टरनंच सांगतलं का?”