तिवरांपेक्षा हातभर उंच

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या इमारतीत एक पाहुणा राहायला येतो. पंचवीस फूट उंच, उंडीच्या लाकडाचा, अंगाला मुशी माशाच्या तेलाचा वास. जिन्याच्या मधल्या पोकळीत तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत तो उभा राहतो आणि नारळी पौर्णिमेपर्यंत हलत नाही. ही धर्मानानांच्या होडीची डोलकाठी.

आमची नायगावची इमारत नानांच्या शेतावर उभी राहिली, त्यामुळे त्यांना कोणी काही बोलत नाही. मी एकदा बोललो.

"नाना, पाहुण्यांना वाटतं, इमारत या काठीवरच उभी आहे."

"तुमच्या बिल्डरचं सिमेंट बघितलंय मी," नाना म्हणाले. "त्यांचं काय चुकलं?"

खाडीत आता सगळ्या होड्या इंजिनावर फटफटत जातात. नाना आपले शीड लावून वाऱ्याची वाट बघतात. वारा पडला की भर खाडीत मांडी घालून बसतात आणि म्हणतात, "येल. घाई कोनाला हाय?" घाई बरोबरच्या माणसाला असते, म्हणून बरोबर कोणी जात नाही. पावसाळ्यात दर रविवारी ते मजल्यामजल्यावर उभे राहून, कठड्यावरून वाकून काठीला तेल चोळतात. ते दुसऱ्या मजल्यावर पोचले की आमच्या घरात उदबत्ती लागते.

त्या वर्षी तेल चोळता चोळता नानांचा अंगठा काठीच्या बुडात गेला. लाकूड कुजलं होतं. जुन्या होड्यांचं काम करणारा पास्कू सुतार आला. त्यानं खालून वर ठोकून बघितलं आणि निकाल दिला, "दोन फूट कापू. बाकी काठी ठणठणीत आहे."

"कापायची नाय," नाना म्हणाले. "वाढवायची."

"वाढवायची? होडी केवढी, काठी केवढी! नाना, पहिल्याच वाऱ्याला उताणे पडाल."

मी आपली अक्कल पाजळली. म्हटलं, वालीवच्या कारखान्यात सांगून लोखंडी पाइप करून घेऊ, हवा तेवढा लांब.

"सायेब, पाइपातून पानी येतं," नाना म्हणाले. "वारा नाय येत."

पास्कू हत्यारं आवरायला लागला. तसे नाना पायरीवर बसले आणि काठीकडे बघत बोलायला लागले.

त्यांची थोरली बहीण, बाय, खाडीच्या आतल्या वळणावर दिलेली. आई गेल्यावर तिनंच नानांना वाढवलं. भाचीच्या लग्नात भावोजी भर पंगतीत म्हणाले, "नानाच्या होडीपेक्षा हा माझा बसायचा पाट बरा तरंगेल." नाना भरल्या ताटावरून उठले. "तुमच्या अंगनात पुन्हा पाय ठेवनार नाय!" भावोजी म्हणाले, "ठेवू नकाच!" दोघांनीही शब्द पाळला. सांगावं कोणी यांना!

"पन खाडी काय भावोजींची नाय," नाना म्हणाले. दर पुनवेच्या भरतीला ते तिच्या घरामागून होडी नेत, शीड एकदा उतरवून पुन्हा चढवत. बाय काठावर येऊन पदर हलवी. आता तिचे गुडघे गेले. ती मागच्या पडवीत खाटेवर असते. मिठागरं बंद पडली तशी घर आणि खाडीच्या मध्ये तिवरांची झाडी माजली. तिकडून भाजी विकायला येणाऱ्या बायकांनी निरोप आणला होता, नाना येतो की नाही ते बायला कळत नाही, काठीचं टोकसुद्धा दिसत नाही.

"मी हाय का गेलो, तिला कसं कळनार?" नाना म्हणाले.

पास्कूनं हत्यारांची पिशवी पुन्हा उघडली.

त्यानं कुजकं बूड कापलं, नवा लांब तुकडा तिरका सांधून त्यावर पट्ट्या ठोकल्या. काठी हातभर वाढली. होडी कलंडू नये म्हणून तळाशी वाळूची पोती टाकली. तरी ती डुलतच होती. पास्कूनं आजूबाजूला पाहिलं आणि त्याची नजर माझ्या पोटावर थांबली.

"सायेबांना मध्ये बसवा."

अशा रीतीनं नारळी पौर्णिमेच्या भरतीला मी पोत्यांमध्ये बसून जलप्रवासाला निघालो.

वळण आलं तसे नाना बायच्या काठाकडे पाठ करून उभे राहिले. त्यांनी शीड उतरवलं आणि चढवलं.

"काय दिसतं का, सायेब?"

नुसती तिवरं होती, हिरवी भिंतच. मग त्या भिंतीवर एक बांबू हळूहळू वर आला. त्याच्या टोकाला लाल लुगडं बांधलेलं होतं.

"लुगडं दिसतंय, नाना! बांबूला बांधलंय!"

नाना वळले. चेहरा उजळला, मग कपाळाला आठी पडली.

"बायला उठवत नाय," ते हळूच म्हणाले.

त्या घरात दोघंच राहतात, मुलं विरारला. बांबू कलला, पडतो की काय असं वाटलं, पुन्हा सावरून उभा राहिला.

"वाकडा धरलाय," नाना म्हणाले. "ह्या भावोजींना कदी धड..." पुढचं त्यांनी गिळलं.

मग त्यांनी शीड पुन्हा उतरवलं.

"बायला दिसलं की, नाना. आता हे कोणासाठी?" मी म्हणालो.

"दिसलं," नाना म्हणाले, आणि त्या वाकड्या बांबूकडे बघत शीड चढवायला दोर ओढू लागले.