दारूकोठारातील शिष्टाचार

सुरुंगाच्या काळ्या दारूला माणसाचा स्वभाव ओळखता येत नाही, ही तिची मोठीच उणीव होय. तिला ठिणगी तेवढी कळते. ती सद्भावनेने पडली की दुष्टाव्याने, याची चौकशी ती करीत बसत नाही. म्हणून दारूच्या कारखान्यातील कोठाराची जमीन लाकडी होती, खिळे तांब्याचे होते, आणि कोठारप्रमुख उद्धट होता. दारात येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर तो एकच वाक्य फेकीत असे : "बूट बाहेर, काडेपेटी बाहेर, शहाणपण बाहेर." त्याच्या कारकिर्दीत कोठार एकदाही उडाले नव्हते. याचे श्रेय, रीतीप्रमाणे, व्यवस्थापकांना मिळत असे.

अशा स्थितीत परदेशातून एक बडे ग्राहक माल पाहण्यास आले. त्यांच्या देशात गोड शब्दाची परतफेड टाचेवर टाच आपटून करतात, आणि कृतज्ञता लांबवर ऐकू जावी म्हणून टाचांना पोलादी पट्ट्या ठोकतात. व्यवस्थापकांनी परसंस्कृतीशी वागण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते. त्याचे सार असे, की पाहुण्याला नकार ऐकवू नये.

त्या सकाळी एक पोते फाटले होते आणि सांडलेली दारू अद्याप झाडून व्हायची होती. पाहुणे बुटांसकट आत आले.

"बूट काढायला सांग त्यांना," कोठारप्रमुख दुभाषी मुलीला म्हणाला. ती त्याची सख्खी पुतणी होती.

"काका, त्यांच्याकडे बूट फक्त मेलेल्या माणसाचे काढतात."

"मग सांग, थोड्याच वेळात त्या कामाला लागायचंय."

"काही सांगू नकोस!" व्यवस्थापक दबक्या आवाजात म्हणाले. "म्हणावं, आपल्या पावलांनी कोठार धन्य झालं."

पुतणीने तसे सांगितले. पाहुण्यांनी खाडकन टाचा जुळवल्या. एक बारीक ठिणगी उडाली आणि दारूपासून वीतभर अंतरावर विझली.

"साहेब, कौतुक आवरा," कोठारप्रमुख व्यवस्थापकांना म्हणाला. "सगळे वर जाऊ."

"तुम्हाला मेलं बोलायची रीतच नाही! अहो, ते मान देताहेत. आपण गप्प बसलो तर काय म्हणतील?" व्यवस्थापकांनी लगबगीने आभार मानले. पाहुण्यांनी आभारांबद्दल टाचा आपटल्या. व्यवस्थापकांना ती नम्रता फारच भावली, आणि तसे त्यांनी बोलून दाखवले. सौजन्यात हार जाणारा माणूस दोन्ही बाजूंना नव्हता. दरम्यान पाहुणे एकेक पाऊल सांडलेल्या दारूकडे सरकत होते.

कोठारप्रमुखाने पुतणीकडे पाहिले. तिच्या चपलेला काळी पूड लागली होती.

"पोरी, आता बोलतो ते जसंच्या तसं सांग. साखर घालू नकोस." मग तो पाहुण्यांकडे वळून ओरडला, "ए गाढवा! चालता हो इथून!"

पुतणीने प्रथमच शब्दाला शब्द भाषांतर केले.

पाहुणे गोरेमोरे झाले. त्यांच्या देशात उद्धट माणसाला टाचेचा आवाजसुद्धा ऐकवीत नाहीत. ते चवड्यांवर उभे राहिले आणि मांजराच्या पावलांनी, अत्यंत अपमानित अवस्थेत, बाहेर पडले.

चौकशी झाली. व्यवस्थापकांनी आपली बाजू तर्कशुद्धपणे मांडली : स्फोट झाला असता तर तो अपघात ठरला असता, आणि अपघातास कोणी जबाबदार नसते, शिवी मात्र हेतुपुरस्सर दिली जाते. समितीला हा मुद्दा निरुत्तर करणारा वाटला. कोठारप्रमुखास घरी बसवण्यात आले.

त्याच्या जागी आलेले गृहस्थ अतिशय मृदुभाषी आहेत. त्यांनी आजवर कोणालाही 'नाही' म्हटलेले नाही. पाहुण्यांची समजूत पटली असून ते उद्या संपूर्ण शिष्टमंडळासह येत आहेत. व्यवस्थापक स्वागताचे भाषण कोठारातच करणार आहेत. भाषण सविस्तर आहे.

राहता राहिला कोठाराचा पत्ता. आपण जेथे बसून हे वाचत आहात, तेथील मागच्या भिंतीपलीकडची बैठी इमारत तीच. शेजाऱ्यांना आधी कळवावे, असे पुतणीने सुचवले होते. पण ओळखपाळख नसताना एकदम असला विषय काढणे बरे दिसत नाही, असे सर्वांचे मत पडले. आम्हीही त्याचसाठी शेवटपर्यंत थांबलो.