रविवारी अहिराणी न येणारे नेवरेकर

रविवारच्या बाजारात नेवरेकर भाऊसाहेब वांगी निवडत होते. मी सहज विचारलं, "काय भाऊसाहेब, काय ली राहिनात?"

त्यांनी हातातलं वांगं खाली ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आज रविवार. आज मला अहिराणी येत नाही."

तेवढ्यात वांगीवाली म्हणाली, "भाऊ, ताजा शेतस, ली जा."

"काय म्हणतात ह्या?" नेवरेकरांनी मला विचारलं.

"ताजी आहेत, घेऊन जा म्हणते."

"त्यांना सांगा, घेतो."

आदल्याच दिवशी या माणसाने कचेरीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणब्यांशी अहिराणीत तोंड वाजवलं होतं. आणि आज तीन वांग्यांसाठी मी दुभाष्या!

हे वेड नव्हतं, नियम होता. नेवरेकर अहिराणी सरकारी खर्चाने शिकले होते. त्या शिक्षणाच्या हुकुमाची नक्कल ते कोटाच्या आतल्या खिशात बाळगत. कलम चार त्यांना पाठ होतं. सरकारी खर्चाने मिळवलेल्या ज्ञानाचा उपयोग सरकारी कामाखेरीज करू नये.

"सरकारी टाक आपण घरी नेतो का?" त्यांनी मला एकदा विचारलं.

"छे छे," मी म्हणालो. घरी दोन होते.

"मग सरकारी भाषा कशी न्यायची?"

नेवरेकर मूळचे रत्नागिरीकडचे. माझ्याबरोबर धुळ्याच्या कचेरीत कारकून. आले तेव्हा त्यांना आमच्या लोकांच्या बोलण्यातलं अक्षरही कळत नसे. बैल चोरीला गेलेल्या एका शेतकऱ्याला त्यांनी विचारलं, "कोणी नेला?" तो म्हणाला, "माले काय मालूम?" म्हणजे मला काय माहीत. नेवरेकरांनी जबानीत लिहिलं, 'चोरीस गेलेला माल काय होता हे फिर्यादीस मालूम नाही.' बैल दोन महिने कागदावर सापडेना.

साहेबाने कपाळाला हात लावला आणि हुकूम काढला. नेवरेकरांनी सहा महिने, रोज दुपारी दोन ते चार, अहिराणी शिकावी. शिकण्याचा वेळ नोकरीत धरावा. त्यानंतर तीन वर्षं याच जिल्ह्यात काम करावं, तोवर बदली मागू नये. तसा करारनामा लिहून घेतला.

शिकवायला मुनशी शोधायचं काम माझ्यावर आलं. मी मूळचा धरणगावचा, ही माझी मायबोली. पण तिचा पंडित कुठून आणू? शेवटी मी माझ्या मावशीचं नाव दिलं. सोनाअक्का जुन्या धुळ्यात एकटी राहायची. तिला दुसरी भाषाच येत नव्हती, ही तिची लायकी.

पहिल्या दिवशी नेवरेकर वही-दौत घेऊन अंगणात शिरले. अक्का ओरडली, "जोडा काढ रे मुडदा! गहू वाळत शेतस आठे!"

नेवरेकरांनी आधी जोडे काढले आणि मग वहीत लिहिलं, 'मुडदा. संबोधन. आदरार्थी?'

अक्काला शिकवणं म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. ती कामं करायची आणि रागवायची. "सरळ बठ!" "डोकामा भुसा भरेल शे का?" "हात धोय पहिले!" नेवरेकर हात धूत आणि ते वाक्य लिहून घेत. तिसऱ्या दिवशी तिने त्यांच्यापुढे भाकरी आणि ठेचा ठेवला. झालं! मुनशीकडून शिक्षणाच्या वेळात भाकरी स्वीकारावी की कसे, असा लेखी खुलासा त्यांनी मागवला. साहेबाने त्यावर एकच शब्द लिहिला. 'खावी.'

तेव्हापासून ते रोज हुकुमाप्रमाणे खात.

सहा महिन्यांनी परीक्षा झाली. परीक्षक साहेब. त्याला अहिराणी येत नव्हती, त्यामुळे नेवरेकर उत्तम गुणांनी पास झाले. खरा निकाल दुसऱ्या दिवशी लागला. एक भरदार मिशांचा पाटील जबानी द्यायला आला. नेवरेकर टाक सरसावून म्हणाले, "बोल रे मुडदा, मी लिखी राहिनी."

पाटलाने पागोट्याचा शेव तोंडात कोंबला. साऱ्या कचेरीत खसखस पिकली. एका म्हातारीकडून शिकलेला हा माणूस म्हातारीसारखाच बोलत होता, 'राहिनी', 'उनी' अशा बायकी रूपांसकट.

"भाऊसाहेब, पुरुषाने 'राहिनू' म्हणायचं," मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं.

"मुनशींनी तसं शिकवलेलं नाही," ते शांतपणे म्हणाले. "दुरुस्ती हवी तर वरून हुकूम आणा."

पण लोकांना ते आवडायला लागले. आपल्या आईसारखा रागावणारा कारकून कोणी पाहिला होता? पिंपळनेरकडची माणसं माझ्याकडे न येता त्यांच्यापुढे रांग लावत. पाच वाजले की मात्र अहिराणी बंद. रांगेतल्या माणसाचं वाक्य अर्धं राहिलं तरी नेवरेकर हात जोडून म्हणत, "आता कळत नाही. उद्या या."

एकदा साक्रीकडून एक म्हातारा आला. बायको वारली होती, जमिनीच्या कागदावरून तिचं नाव कमी करायचं होतं. नेवरेकरांनी विचारलं, "नाव काय तिनं?" म्हाताऱ्याने नाव सांगितलं आणि तो एकदम रडायलाच लागला. नेवरेकर गोंधळले. त्यांनी वही काढली, पुढची पानं उलटली, मागची उलटली. सहा महिन्यांच्या शिक्षणात या प्रसंगाचं एकही वाक्य नव्हतं. घाबरून ते ओरडले, "हात धोय पहिले!"

म्हातारा रडता रडता थांबला, त्यांच्याकडे बघत राहिला, मग खरोखरच उठून बाहेरच्या रांजणावर गेला आणि हात-तोंड धुऊन आला. काम पुरं झालं. पण त्या दिवशी नेवरेकर खाली मान घालून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी अक्काचं घर गाठलं. मीही तिथेच होतो. त्यांनी तिच्याच बोलीत विचारलं, रडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं असतं?

अक्का सुपातलं धान्य पाखडत म्हणाली, "काही म्हणू नही. त्याना जवळ बसानं."

नेवरेकरांनी ते लिहून घेतलं.

यथावकाश करारनाम्याची तीन वर्षं भरली आणि त्यांची रत्नागिरीला बदली झाली. न मागता! साहेबाला वाटलं, बिचारा सुटेल. आम्ही हार मागवला, मी निरोपाच्या भाषणाची तयारी केली. त्याच दिवशी नेवरेकरांनी मला बोलावलं आणि एक अर्ज पुढे केला. 'शुद्धलेखन बघा,' म्हणाले.

अर्जात लिहिलं होतं, 'सदरहू कारकुनास रागावण्याची अहिराणी अवगत झाली असून समजूत घालण्याची अहिराणी शिकणे बाकी आहे. सबब आणखी सहा महिने शिक्षण मिळावे. नियमाप्रमाणे पुढील तीन वर्षे याच जिल्ह्यात राहण्याचा करारनामा लिहून देण्यास अर्जदार खुशीने तयार आहे.'

'खुशीने' हा शब्द दोनदा गिरवलेला होता.

"भाऊसाहेब, पण रत्नागिरीला घर आहे ना तुमचं?"

"आहे की. घर आहे, विहीर आहे, कुलूप आहे." ते टाकाचं टोक पुसत राहिले. "आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. तिथे मला रागवायला कोणी नाही हो."

साहेबाने अर्ज वाचला, चष्मा काढून पुसला आणि सही केली. हार कचेरीतल्या शिपायाने घरी नेला.

मी ही बातमी अक्काला सांगायला गेलो. ती ज्वारीचं पीठ मळत होती. सगळं ऐकून म्हणाली, "येडा शे. इतलं शिकना, तरी माले सरळ इचारता येस नही त्याले."

मग पिठाच्या डब्यात हात घालून तिने आणखी एक मूठ पीठ परातीत घेतलं.