उद्घाटनाआधीचं पाणी

“पाण्याचं उद्घाटन म्हणजे काय रॉकेट सोडायचंय का राव? फीत, नारळ, फोटो. संपलं!” नवनाथ छातीवर हात मारून म्हणाला. चाकणच्या एका गिअर कंपनीत, गावांसाठी समाजकार्य करणाऱ्या सीएसआर खात्यात तो कंत्राटावर होता. एवढा कार्यक्रम पार पडला की पर्मनंट!

कंपनीनं निघोज्यात, म्हणजे नवनाथच्याच गावात, शुद्ध पाण्याची टाकी बसवली होती. अडचण एकच. मोठ्या साहेबांची तारीख मिळेपर्यंत गाव काही तहान रोखून बसलं नव्हतं. सगळे कधीपासून त्याच नळाचं पाणी पीत होते. नवनाथच्या पुतळाआत्यानं तर जन्मभर डोक्यावर वाहिलेल्या हंड्यात अळू लावून टाकलं होतं!

“आत्या, उद्या हंडा घेऊन विहिरीवरनं ये. नळ यायच्या आधीचा फोटो पायजे.”

“आन् अळू?”

“उपट.”

“आन् माझं गुडघं?”

“एकच खेप गं! नोकरीचा प्रश्न हाय.”

आत्यानं अळू उपटलं. वर त्याच्या वड्या करून भाच्यालाच खाऊ घातल्या.

नळ अजून सुरूच झाला नाही असं दिसावं म्हणून नवनाथनं टाकीचा मुख्य कॉक बंद केला. जरा जास्तच बंद केला. दांडा हातात आला! मेव्हण्या नवरदेवाचे बूट लपवतात तितक्या सफाईनं त्यानं तो खिशात सरकवला.

साहेब आले. फीत कापली, नारळ फुटला, नळ फिरवला. नळ खाकरला आणि आतून एक मुंगी बाहेर पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“पाणी कुठंय?” साहेबांनी विचारलं.

“आलंच सर!” म्हणत नवनाथनं विहिरीवरून लंगडत येणाऱ्या आत्यालाच पुढं ओढलं. तिनं हंडा कलता केला, साहेबांनी ओंजळ धरली, फोटो झाला. पेपरात छापूनही आला: ‘कंपनीने भागवली गावाची तहान.’

नवनाथ पर्मनंट झाला. कॉक मात्र परदेशी निघाला. सुटा भाग यायला वेळ आहे आणि गावच्या प्लंबरनं हात लावला तर वॉरंटी जाते.

आता रोज फर्स्ट शिफ्टच्या आधी नवनाथच आत्याचा हंडा घेऊन विहिरीवर जातो. निम्मं पाणी पर्मनंटच्या नव्या शर्टावर सांडतं. आत्या ओट्यावरून नुसती बघते. शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं!

परवा मात्र ती बोलली. “नव्या, कंपनी औंदा रस्ता करून देनार म्हनं?”

“व्हय आत्या.”

“उद्घाटन कवा हाय ते आदी सांग. तवर चालून घेते.”