माहेरी गेलेला पिवळा

बुधवारी सकाळी साडेसातच्या सुमारास भालचंद्र कोष्टी यांच्या गाडीचा पिवळा रंग माहेरी निघून गेला. गाडी जागेवरच होती. चाकं, काचा, दारं सगळं शाबूत होतं; फक्त रंग नव्हता आणि आतला करडा पत्रा उघडा पडला होता. सोसायटीचा वॉचमन म्हणाला, "मी विचारलं ना त्याला, कुठं निघालास म्हणून. कराडला, म्हणाला. पिशवीबिशवी काही नव्हती बरोबर."

भालचंद्रांना आधी राग आला. त्यांनी या रंगाला काय कमी केलं होतं? रोज सकाळी गाडी स्वतः पुसायचे. त्यांची सारी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली होती, गळके नळ शोधण्यात आणि साताराभर लोकांना पाणी जपून वापरा असं बजावण्यात. त्यामुळे गाडीवर थेंबभरही पाणी न घालता ते जुन्या बनियनने कोरडीच धूळ पुसत, चांगला जोर लावून. कबुतराची घाण वाळून बसली की भांड्यांची घासणी आणत. धूळ दिसली नाही की गाडी स्वच्छ, अशी त्यांची साधी समजूत होती.

खरी पंचाईत गुरुवारी कळली. त्यांच्या पत्नीला, प्रमिलाताईंना, हल्ली माणसांचे चेहरे दिसत नसत. रंगांचे ढोबळ डाग तेवढे दिसत आणि त्यातही पिवळा सगळ्यात स्वच्छ. चार वर्षांपूर्वी गाडी नव्याने रंगवायची ठरली तेव्हा हा पिवळाजर्द त्यांनीच निवडला होता. चौसष्टाव्या वर्षी त्या पेटी शिकत होत्या. क्लास सुटला की जिना उतरून, समोरचं पटांगण ओलांडून, एकट्या गाडीपाशी येत. कोणी हात धरायला आलं तर म्हणत, "राहू दे, मला दिसतंय माझं."

त्या गुरुवारी त्या पटांगणाच्या मध्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. दोन्ही हात किंचित पुढे. भालचंद्र धावत गेले आणि त्यांनी दंड घट्ट धरला.

"दुखतंय हो," त्या म्हणाल्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "पुढच्या वेळेपासून मी नाही येणार. चारचौघांत असं मध्येच उभं राहायचं, नको वाटतं मला."

भालचंद्रांचं काळीज तुटलं, पण गाडी त्यांनी नीट चालवली.

शुक्रवारी ते वाहन कार्यालयात गेले. खिडकीतल्या शेटेबाईंनी अर्ज वाचून चष्मा सारखा केला.

"स्वखुशीने गेला, की रुसून?"

"रुसून असावा."

"तसं लिहा. सही करा." रंगाच्या रकान्यातला 'पिवळा' खोडून त्यांनी तिथे 'माहेरी' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. "पंधरा दिवसांत आणा, नाहीतर कायमची करडी नोंद होईल. आणि स्वतः जा. माणूस पाठवला की येत नाहीत ते."

जायचं म्हणजे काय तोंडाने जायचं, याचा विचार करण्यात पाच दिवस गेले. शेवटी गुरुवार उजाडला तेव्हा ते निघाले. निघताना प्रमिलाताईंना म्हणाले, "तू रिक्षाने क्लासला जा. सुटेपर्यंत मी त्याला घेऊन येतो." त्यांनी पेटीची वही पिशवीत टाकली.

कराडच्या यशवंत लोहारांच्या शेडमध्ये त्या रंगाचा जन्म झाला होता. लोहार गाड्या रंगवत आणि त्यांची बायको, आक्का, रंग कालवत असे.

"या जावईबापू," आक्का म्हणाली. भालचंद्र अडुसष्ट वर्षांचे होते. त्यांनी मान खाली घालून गूळपाणी घेतलं.

रंग शेडच्या मागे टेकवलेल्या एका सुट्या पत्र्याच्या दारावर बसला होता. त्याने वर पाहिलं नाही. लोहारांनी दार उन्हात ओढलं तेव्हा त्याच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसले.

"कशानं पुसता?" आक्काने विचारलं.

"बनियनने."

"वली करून?"

"कोरडीच. पाणी वाया जातं."

"अन् पाखराची घाण?"

भालचंद्रांनी घासणीचं नाव अगदी हळू आवाजात घेतलं.

आक्काने पदर खोचला. "आमचं लेकरू चार वर्सं तुमच्या घरी नांदलं. एका शब्दानं कधी काय बोललं न्हाई."

"मी जपायलाच बघत होतो हो," भालचंद्र म्हणाले. "हिची नजर जायला लागली तेव्हापासून मला सगळंच घट्ट धरावंसं वाटतं. सुटेल याची भीती वाटते."

लोहार उगाच खाकरले. आक्का आत जाऊन दोन बाटल्या आणि मऊ, लुसलुशीत फडकी घेऊन आली.

"पानी वाचवायचं तर वाचवा, त्याला कोन नको म्हनत न्हाई. ह्यो फवारा मारा. मळ भिजंल इतका. मग अर्धा मिंट हात बांधून थांबा. सैल झाला की फडक्याची चौघडी करून एकाच अंगानं न्यायचं. मळलं की घडी पालटायची. दाबायचं न्हाई."

भालचंद्रांना ते अर्धं मिनिट फार जड गेलं. पहिल्याच फटक्याला हात जोरात पडला.

"हळू! घागर न्हाई ती."

त्यांनी हात हलका केला. घडी पालटली, पुन्हा हलका केला. सगळं दार पुसून होईपर्यंत जोर न लावता हात कसा चालतो ते त्यांना समजलं आणि इतकी वर्षं आपण हे कुणालाच विचारलं नाही याचं वाईट वाटलं. काही ओरखडे राहिलेच.

"ऱ्हायलेलं ऱ्हाऊ द्या," आक्का म्हणाली. "त्यांच्यासकट नांदायचं."

मग तिने दुसऱ्या बाटलीतलं मेणाचं पातळ कवच चढवायला शिकवलं. तीन महिन्यांनी पुन्हा, असं बजावलं. ते चढत असतानाच रंगाने मान वर केली.

"येतो," तो म्हणाला.

"पन कवच वलं हाय," आक्काने बजावलं. "पत्रा उन्हानं तापतो. उद्या सकाळपातुर गाडीवर बसवू नका. अंगावरनं न्या."

म्हणून भालचंद्र डोक्यापासून चपलांपर्यंत पिवळे होऊन करड्या गाडीतून साताऱ्याला आले. टोलनाक्यावर कोणी काही विचारलं नाही. पटांगणाशी पोचले तेव्हा वरून पेटी ऐकू येत होती. ते गाडीबाहेर उन्हात उभे राहिले. सुटलेल्या क्लासातली एक बाई हसत म्हणाली, "काका, हळद लागली वाटतं!"

"हो," ते म्हणाले.

मग प्रमिलाताई उतरल्या. पायरीवर थांबल्या, मान इकडेतिकडे केली आणि चालायला लागल्या. भालचंद्रांचे पाय पुढे निघाले होते. ते त्यांनी आवरले. त्या सरळ आल्या, एकट्या, कुठेही न अडखळता, आणि त्यांचा हात बॉनेटवर पडायच्या ऐवजी नवऱ्याच्या छातीवर पडला.

"तुम्ही होय!"

"उद्या सकाळपर्यंत तो गाडीवर बसणार नाही. माझ्यावरच आहे."

"मग त्याला गाडीवर बसवायची घाई कशाला करता?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी हात तिथेच राहू दिला.

भालचंद्रांनी त्यावर आपला हात ठेवला, अगदी हलका.