धुरपतामावशीची हळद

धुरपतामावशी दुकानात आल्या की नमस्कार करत नाहीत, पाणी मागत नाहीत, बसतही नाहीत. खांद्यावरची पिशवी उंबऱ्याशी टेकवतात, पदर सारखा करतात आणि गिऱ्हाइकाच्या जागी उभ्या राहून म्हणतात, "मी गिऱ्हाईक हाय. विक मला हळद."

आता हळद त्यांचीच. त्यांनीच शिजवलेली, वाळवलेली, दळलेली, पुड्यांत भरून मला विकायला दिलेली. ती त्यांनाच विकायची. बरं, त्या निमूटपणे घेतील तर शपथ. स्वतःच्याच मालाला नावं ठेवतात. "रंग फिका दिसून राहिला बाई. माती तं न्हाई कालवली? आमच्या माहेरी पिवळीधम्मक मिळती." मग मी बोलायचं. नीट बोलले नाही तर पुडा ठेवून चालायला लागतात. रस्त्यापर्यंत खरंच जातात.

शिरड शहापूरला रस्त्याच्या कडेला माझं किराणा दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. नवरा टेम्पोवर, बहुतेक दिवस बाहेरगावी. दुकान सुरू केलं तेव्हा विकणं म्हणजे मागितलेलं काढून देणं, एवढंच मला ठाऊक होतं. मावशींनी पहिल्यांदा दहा पुडे ठेवले आणि पंधरा दिवसांनी त्या अशा गिऱ्हाईक बनून उभ्या राहिल्या. हळद कशी आहे, विचारलं. मी म्हटलं, "चांगली आहे."

"चांगली तं तुही सासू बी आसन," मावशी म्हणाल्या. "हळद काहून चांगली हाय, ते सांग."

सासूबाई आतच तांदूळ निवडत होत्या. त्यांना हसू आलं की राग, ते मला अजून कळलेलं नाही.

मावशींचं घर हट्टा गावाकडच्या एका तांड्यावर. थोडी जमीन, एक पत्र्याची शेड, त्यात दळायची गिरणी. हाताशी एक विधवा पुतणी. साठी कधीच उलटलेली, पण एसटीनं गावोगाव फिरतात. जवळा बाजारातलं भलंमोठं दुकान असो नाहीतर एखाद्या वस्तीवरची खिडकीएवढी टपरी, मावशींचा वेळ सगळ्यांना सारखाच. कंपन्यांची माणसं गाडीतून उतरतात, माल टाकतात, फळीचा फोटो काढतात आणि जातात. मावशी तासभर थांबतात. येणारी बाई काय मागते, काय हातात घेते, काय परत ठेवते, ते बघतात. तिच्या पाठीमागे मला हळूच सांगतात, "तिला लहान पुडा दाखव. घरात दोघंच हायत तिच्या." कसं कळलं म्हणून विचारावं तर म्हणतात, "साबणाची वडी पाहून पाहून घेतली तिनं. चार लेकरांची माय एवढा वेळ काढती व्हय?"

माझ्या फळ्या त्यांनी तीनदा बदलल्या. हळद मी अगरबत्तीशेजारी ठेवली होती. मावशींनी पुडा हुंगला आणि तोंड असं केलं, की मला वाटलं आत पाल निघाली. "हळद शेजार धरती, संगीता. माणसावाणी हाय ती." मग हळद मिठाशेजारी गेली, जिऱ्याशेजारी गेली, शेवटी तिला एक फळी वेगळी मिळाली. तीही मावशींच्या डोळ्यांच्या रेषेत. "बाया मान वर करून हळद घेत न्हाईत," हा त्यांचा सिद्धांत. मी त्यांच्याहून हातभर उंच असल्यामुळे मला ती फळी दिवसभर वाकून बघावी लागते.

एकदा त्यांनी आपल्या सातही दुकानदारांना हळद दळताना बघायला तांड्यावर बोलावलं. ज्याला माल ठाऊक नाही त्यानं तो विकू नये, असं त्यांचं म्हणणं. सातांतले तिघे आलो. जवळा बाजारचे शेठ पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात आले होते. गिरणी सुरू झाली आणि शेठ डोक्यापासून बुटापर्यंत नवरदेव झाले. "आता हे धुवायचं कसं?" त्यांनी रडवेल्या आवाजात विचारलं. "धू नका," मावशी म्हणाल्या, "गल्ल्यावर असंच बसा. लोक आपसूक हळद मागतील." तसे ते चार दिवस बसले असावेत, कारण पुढच्या खेपेला त्यांनी दुप्पट माल उचलला.

एवढ्या सगळ्यात मावशींना एकाच गोष्टीचा राग यायचा. गोण्या जमिनीवर ठेवलेल्या त्यांना खपत नसत. "फळकूट घाल खाली. भिंतीपासून वीतभर सरकव," दर खेपेला सांगायच्या. मी दर खेपेला हो म्हणायचे.

मागच्या वर्षी गावात शेषराव पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं. पाटलीणबाई माझ्याकडे आल्या. स्वयंपाकाला आणि नवरीला लावायला, सगळी हळद माझ्याकडूनच घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. मावशींनी शिकवलेलं मी सगळं बोलले. तळहातावर चिमूटभर हळद चोळून दाखवली. इतकी मोठी विक्री माझ्या दुकानात कधी झाली नव्हती. मावशींनी आठ दिवस आधी गोणी आणून पोचवली आणि जाताना पुन्हा बजावलं. मी हो म्हटलं आणि गोणी भिंतीला टेकवून ठेवली. त्या भिंतीपलीकडे आमचं न्हाणीघर आहे.

हळदीच्या आदल्या दिवशी गोणी पाटलांकडे गेली. तासाभरात पाटलीणबाईंचे दीर दुकानात. हातात हळदीचा ओला, काळपट गोळा. "हे लावायचं का पोरीला?" त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. चार माणसं जमली. अपशकुन झाला म्हणून कोणीतरी बोललं. मी आत जाऊन मावशींना फोन लावला.

त्या दुपारच्या बसनं आल्या. पुतणी बरोबर, दोघींच्या डोक्यावर ताज्या हळदीची बोचकी. आल्याआल्याच त्यांनी मला हाताला धरलं आणि लग्नघरी नेलं. मांडवात बायका, पुरुष, पाहुणे. खराब गोणी कोपऱ्यात पडलेली. मावशींनी ती उलटी केली. बुडाशी ओलीचा डाग होता, भिंतीच्या चुन्याचा पांढरा ओरखडा होता. तो मी पाहिला. त्यांनी तो पाहिला, हेही मी पाहिलं.

मग त्या सरळ उभ्या राहिल्या आणि मांडवाला ऐकू जाईल असं बोलल्या, "पाटलीणबाई, ह्या पोरीची काही चूक न्हाई. हळद पुरी वाळली नव्हती. माह्या हातची चूक हाय. शिव्या द्यायच्या त्या मला द्या."

शिव्या मिळाल्या. पाटलीणबाईंचे दीर तांड्याच्या लोकांबद्दल जे बोलले ते मी लिहिणार नाही. मावशी खाली मान घालून उभ्या राहिल्या. बोलणं संपल्यावर त्यांनी ताजी हळद स्वतःच्या हातानं परातीत काढली, पाणी घालून कालवली, नवरीच्या आजीच्या तळहाताला लावून दाखवली आणि मगच निघाल्या.

बसस्टँडवर मी रडायला लागले. "मावशी, तुम्हाला दिसलं होतं. काहून घेतलं अंगावर?"

"तुला हितंच दुकान चालवायचं हाय," त्या म्हणाल्या. "मला तं बस हाय."

मग पहिल्यांदाच त्यांनी स्वतःचं काही सांगितलं. तांड्यावर त्यांचं आणि नवऱ्याचं दुकान होतं, लहानसं. एका दिवाळीला कंपनीचं बेसन खवट निघालं. सगळ्या तांड्याचे लाडू वाया गेले. लोकांनी जाब विचारला, तेव्हा या दोघांनी कंपनीवर ढकललं. कंपनीचा माणूस जीपमधून आला. त्यानं डबा पाहिला आणि चारचौघांत म्हणाला, माल आमचा चांगला होता, यांनी ठेवला वाईट. आणि गेला. "त्या दिवसापासून कोणी पायरी चढलं न्हाई. मालकानं दुकानाचं दार लावून घेतलं, ऊसतोडीला गेला. परत आला, पण कोणाच्या दारात उभा राहिला न्हाई. सात-आठ वर्षं. मेला तवा बी कोणाला तकलीफ दिली न्हाई." 'मालक' म्हणजे नवरा. आमच्याकडे बायका तसंच म्हणतात.

बस आली. त्या गेल्या.

मी घरी आले. लग्न पार पडेपर्यंत मी कशीबशी थांबले आणि पाहुणे पांगल्यावर पाटलांकडे गेले. पाटलीणबाई भांडी मोजून घेत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की हळद चांगली होती, ओल माझ्या घरात लागली, मावशी खोटं बोलल्या ते माझ्यासाठी. पाटलीणबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "मग तवाच का न्हाई बोललीस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "भ्याले." त्यांनी पुन्हा भांडी मोजायला घेतली. महिनाभर त्यांच्या घरचं कोणी दुकानात आलं नाही. मग एके दिवशी त्या स्वतःच आल्या, चहापत्ती घेतली आणि जाताना म्हणाल्या, "तुह्या त्या मावशीला म्हणावं, आमच्याकडं येऊन जा एकदा."

मावशी पुढच्या खेपेला आल्या तेव्हा मी हे सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. त्यांनी घेतलेल्या शिव्या मी फुकट घालवल्या होत्या.

त्या चिडल्या नाहीत. दुकानाच्या पायरीवर हळूच बसल्या.

"तो बी असाच निघाला व्हता," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"मालक. बेसनाच्या डब्याचं झाकण मी उघडं ठेवलं व्हतं. चुलीची वाफ जात राहिली त्यात. त्यानं त्याच दिवशी वळखलं. म्हणला, मी जातो अन् तांड्याला सांगून येतो, आपल्या हातून झालं. पायात चप्पल बी घातली. मी हात धरला. म्हणलं, काहून सांगतू, लोक मलाच नावं ठेवतील. कंपनीवर ढकल. मग जीपवाल्यानं इचारलं, डबा कोण उघडा ठेवला? तं ह्यो म्हणला, मी."

मी विचारलं, "मावशी, त्यांचं नाव काय होतं?"

आमच्याकडे त्यांच्या वयाची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नकार्यात घेतलं तरी उखाण्यात गुंडाळून घेते. मावशींनी पदर सारखा केला. मला वाटलं, चुकीचं विचारलं.

"भावसिंग," त्या म्हणाल्या.

आणि मग, दुकानात आम्ही दोघीच होतो तरी, तांड्याला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं पुन्हा म्हणाल्या, "भावसिंग."